सतराव्या मैलाचा थांबा

फीत गुलाबी होती, वीतभर लांबीची, ज्युनिपरच्या वाळक्या फांदीला कुणीतरी सैलसर गाठ मारून अडकवलेली — वारा आला की आडवी होऊन फडफडायची आणि वारा पडला की फांदीला चिकटून अशी गप्प बसायची की डोळ्यांना तिची जागा नव्याने शोधावी लागे. फीत आहे म्हणजे रस्ता चुकलेला नाही. यामिनीने ती ओलांडली, पुढची कुठे आहे ते पाहिलं, ती लांबवर एका दगडाच्या कडेला दिसलीही, आणि तरी चार पावलं गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं — मघाची खरंच गुलाबीच होती ना? शर्यतीत असं कुणी करत नाही. पण गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारी बाई वाळवंटात आली म्हणून निराळी होत नाही.

दोन्ही बाजूंना लाल कडे. सकाळी सातला निघताना ते ओल्या माठासारखे गार दिसत होते, आता ऊन चढल्यावर त्यांच्यातले पट्टे सुटे झाले होते — विटकरी, गेरू, मध्येच एक फिका साईसारखा — आणि खाली, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, वाळू इतकी मऊ की प्रत्येक पाऊल थोडं मागे जात होतं. युटामधली ही शर्यत एकतीस मैलांची, दहा तासांत संपवायची. दोनशे माणसं एकदम निघाली होती. पहिल्या चढावर रांग होती, दुसऱ्यावर ओळखीचे चारदोन शर्ट उरले, आणि आता कुणीच नव्हतं. म्हणजे पुढे होते आणि मागेही होते, पण दरीला इतकी वळणं की प्रत्येक वळणाला ती एकटी.

सव्वाअकरा. दर वीस मिनिटांनी घड्याळ बघायचं असं तिने ठरवलं नव्हतं, ते होत होतं. सव्वाअकरा म्हणजे रुहीचं खाऊन झालं असेल. साडेदहाला नाचणीचं सत्त्व, मग थोडं खेळणं, मग झोप... रुही तेरा महिन्यांची. पहाटे साडेपाचला तिला अंगावर पाजून, तिच्या मुठीतून आपले केस एकेक करून सोडवून, यामिनी भाड्याच्या घरातून बाहेर पडली होती, आणि त्या घरात आता रुही, नवरा अवधूत आणि अवधूतच्या शरयू काकू एवढेच होते. काकू दोन तास गाडी चालवून ग्रँड जंक्शनहून मुद्दाम आल्या होत्या, स्वतःचा राइस कुकर घेऊन. फ्रिजवर यामिनीने दोन पानी सूचना लावल्या होत्या. अवधूतने त्या वाचून पान उलटं केलं, मागे काही आहे का पाहिलं आणि म्हणाला, "अगं, हे विमान उडवायचंय की मुलगी सांभाळायचीय?"

काकूंनी चष्मा लावून सगळं नीट वाचलं होतं. त्या भूलतज्ज्ञ म्हणून बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. सूचना वाचायची त्यांना सवय होती. "पोट डावीकडून उजवीकडे नाही, उजवीकडून डावीकडे चोळायचं, बरं," एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढला. "आमच्या वेळी आम्हीही पळायचो हो. डे-केअर सहाला बंद व्हायचं. प्रत्येक मिनिटाला दंड. अशी पळायचे मी पार्किंगमधून, साडी वर धरून."

पार्किंग. यामिनीला हसू आलं, एकटीच असताना येतं तसं, नाकातून. ती राहते ते अर्विंग गाव असं सपाट की कुणी इस्त्री फिरवल्यासारखं. चढाचा सराव करायचा तर तिथे एकच चढ — ऑफिसच्या सहा मजली पार्किंगचा रॅम्प. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती तो चढायची, उतरायची, चढायची. सिक्युरिटीवाला पहिल्या आठवड्यात गाडी हरवली का विचारायला आला होता. तिसऱ्या महिन्यात तो फेऱ्या मोजायला लागला. हे सगळं सुरू झालं ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून — रुही सहा महिन्यांची असताना, यामिनी रात्रभर पाळण्याच्या कॅमेऱ्याकडे बघत बसते हे त्यांना कळलं तेव्हा. रोज अर्धा तास घराबाहेर चाला, त्या म्हणाल्या, फोन घरी ठेवून. फोन घरी ठेवून चालायला धीर होईना, म्हणून ती पळायला लागली. पळाल्यावर लवकर परत येता येतं.

आणि मग लवकर परत यायचं सोडून एकतीस मैलांच्या शर्यतीत नाव घालून बसले मी. का? अवधूतने विचारलं तेव्हा ती म्हणाली, चॅलेंज म्हणून. ऑफिसात म्हणाली, फिटनेस. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते शहाण्या बाईने सांगण्यासारखं नव्हतं: तिला एक दिवस अशा जागी काढून बघायचा होता जिथून पाळण्याकडे हातच पोचणार नाही. जमतं का बघायचं होतं. जमलं नाही तर... तर निदान कळेल तरी.

सतराव्या मैलाचा थांबा आधी वासाने आला. कांदा परतल्याचा वास, मग एका पांढऱ्या मंडपाचं टोक, मग लांबलचक तारेचा खांब आणि त्याच्या पायथ्याशी टेबल मांडून बसलेला एक म्हातारा. हा डेल. दरीत फोनला रेंज नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर असा एकेक हौशी रेडिओवाला बसलेला, कोण आलं कोण गेलं ते कळवायला. त्याने तिच्या छातीवरचा नंबर वाचला, वहीत टिपला, घड्याळ पाहिलं — अकरा एकोणचाळीस. इथून साडेबाराच्या आत निघायचं. त्यानंतर जो असेल त्याला शर्यतीतून काढून जीपमध्ये बसवतात.

तिला पहिल्यांदा आडोसा हवा होता. छाती दगडासारखी झाली होती, गेले तीन मैल प्रत्येक पाऊल तिथे लागत होतं. मंडपामागे एक मोठा ज्युनिपर होता. त्याच्यापर्यंत दगडादगडांवरून जायचं, कारण मधली काळी खरबरीत माती सूक्ष्म जीवांनी जिवंत असते, एक पाऊल पडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात असं शर्यतीच्या आदल्या दिवशी चारचारदा बजावलं होतं. ती झाडाशी वाकून बसली आणि हाताने दूध काढून मुळाशी सोडलं. पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडाला घालायचं — हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण हाताला माहीत होतं. लाल मातीवर पांढरे थेंब क्षणभर मण्यांसारखे राहिले, मग आत गेले. नुसते ओले ठिपके. मग तेही नाहीत. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आला तो फक्त हलकेपणा — अंगाचा, साधा, ओझं खाली ठेवल्याचा.

"ताई, बसा न," मंडपातली मुलगी मराठीत म्हणाली, आणि यामिनी दचकली. "नाव वाचलं मी तुमच्या नंबरवर. यामिनी म्हणजे आपल्याकडचीच असणार म्हटलं. मी अहिल्या. नागपूर. सॉल्ट लेक सिटीला पीएच.डी. करते, दगडांवर. बटाटा देऊ? मीठ लावून देते. लोणच्याचं पाणी पण आहे, पण ते आपलं लोणचं नाही हां, काकडीचं. पिऊ नका, उगाच घरची आठवण येईल."

"माझी बॅग आली असेल ना? निळी. त्यात माझी पावडर आहे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी आपलं सामान या थांब्यावर पाठवता येतं. अहिल्याने निळी पिशवी शोधून आणली. यामिनीने मोजे बाजूला केले, दह्याचा डबा काढला, झाकण उघडलं — आणि भाजक्या नाचणीचा वास आला.

तिने बोट ओलं करून बुडवलं. जिभेवर ठेवलं. तेच.

अर्विंगच्या त्यांच्या घरात दह्याचा डबा कधी फेकला जात नाही. पोहे दह्याच्या डब्यात, मेतकूट दह्याच्या डब्यात, फ्रीझरमधलं नारळाचा कीस दह्याच्या डब्यात. नवीन माणसाला दही हवं असेल तर त्याने पाच डबे उघडावेत. प्रवासाला निघताना तिने दोन डबे भरले, एकात रुहीचं सत्त्व, दुसऱ्यात आपली पळताना पाण्यात घालायची पावडर, दोन्हींवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. मग वाटेत खाण्याच्या खोक्यातला बर्फ वितळला, पट्ट्या सुटून तळाशी तरंगत होत्या, आणि तिने डबे उघडून नुसते बघून पट्ट्या परत लावल्या होत्या. दोन्ही तपकिरी. दोन्ही पिठासारखे. वास घेतला नाही. सगळ्याचा दोनदा वास घेणारी मी, त्या दिवशी नाही घेतला, कारण रुही कडेवर होती आणि ओढत होती...

"ताई? प्रोटीन आहे का?"

"माझ्या मुलीचं जेवण आहे हे."

"अय्या," अहिल्या हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं, हसू अर्ध्यावर थांबलं. "मग तिच्याकडे...?"

तिच्याकडे कॉफीच्या स्वादाची पावडर. एका चमच्यात अर्धा कप कॉफीइतकं कॅफीन, वर मीठ. यामिनी स्वतः अंगावर पाजते म्हणून डॉक्टरांना विचारून, मोजून, दिवसभरात दोनच चमचे घेणार होती. सूचनेत लिहिलं होतं: साडेदहा, सत्त्व, तीन चमचे. फ्रिजवर. तिच्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

बाराला दहा कमी. साडेदहा कधीच होऊन गेले होते.

पाय डेलच्या टेबलाशी कधी आले ते तिला कळलं नाही. इंग्रजी तोंडातून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडत होतं. डेलने हात वर करून तिला थांबवलं, पेन्सिलला टोक आहे का पाहिलं आणि म्हणाला, छोटं सांग. रेडिओवर छोटंच पोचतं. तिने सांगितलं: पांढऱ्या झाकणाचा डबा, बाळाला देऊ नका. त्याने माइक हातात घेऊन ते सुरुवातीच्या ठिकाणच्या बाईला सांगितलं, तिथून ती अवधूतला फोन करणार. खरखर झाली, मग शांतता. मग खरखर. नवरा फोन उचलत नाही.

"अनोळखी नंबर आहे, तो नाहीच उचलणार," ती अहिल्याकडे वळून मराठीत म्हणाली. "त्याला वाटेल गाडीची वॉरंटी विकणारे आहेत."

"मग दुसरं कुणाचं द्या न. घरात कोण आहे अजून?"

काकू. काकू कुठलाही फोन उचलतात. वॉरंटीवाल्यांना तर त्या वीस-वीस मिनिटं बोलत ठेवतात, कुठल्या गावचा रे तू, आई काय करते तुझी. यामिनीने फोन सुरू करून नंबर काढला. डेलने अंक एकेक करून सांगितले, मग विचारलं, बाईंचं नाव? काकू, ती म्हणाली, आणि स्वतःच्या चेहऱ्यावरचं गांभीर्य तसंच ठेवून डेलने माइकमध्ये रेडिओच्या रीतीने एकेक इंग्रजी अक्षर फोडून सांगितलं, "किलो, अल्फा, किलो, युनिफॉर्म."

खरखर. बाई फोनवर आहेत. मग बराच वेळ काही नाही. मग डेलने कान देऊन ऐकलं आणि मान वर केली. "त्या विचारतात, कुठलं पांढरं झाकण? सगळी पांढरीच आहेत."

"तपकिरी पावडर. खाऊ घातली का विचारा. किती."

तेवढंच गेलं, आणि मग त्या टोकाची बाई दुसऱ्या कामात अडकली — मागे कुणी तरी पाय मुरगळून बसला होता, त्याचा नंबर, त्याची जागा, जीप कुठून आणायची. आधी तो, डेल म्हणाला, दहा-पंधरा मिनिटं.

तिने खुर्चीत अंग टाकलं. बूट काढले, वाळू ओतली. मोजे काढले. आणि मग, बोटांना वारा लागला तेव्हा, तिच्या लक्षात आलं की तिने दोन्ही बुटांच्या नाड्या पूर्ण सोडल्या आहेत, भोकांतून बाहेर काढून, जसं घरी आल्यावर काढते तसं... म्हणजे आपण थांबलो आहोत. मनाने विचारलंही नव्हतं. जीप येईल, जीपमध्ये बसायचं, तासाभरात मुलगी कडेवर. भीती तशीच होती, पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि यामिनीने त्याच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं तर ती सुटका होती. बघा, मी म्हणत नव्हते? एक दिवस गेले आणि हे झालं. मला जावंच लागतं. माझ्याशिवाय नाही होत.

ती दचकली. स्वतःच्या लेकरावर संकट यावं आणि आईला आत कुठेतरी बरं वाटावं?

तिची आई शाळेत शिक्षिका. यामिनी दीड वर्षाची असताना आईने तिला कराडला मामीकडे ठेवलं होतं, कोल्हापूरला बी.एड. करायला, दहा महिने. घरात ही गोष्ट नेहमी हसत सांगितली जायची: आई परत आली, यामिनीला घ्यायला हात पसरले, तर पोर मामीच्या पदरात तोंड खुपसून बसली आणि ही बाई कोण म्हणून विचारायला लागली. सगळे हसायचे. आईही हसायची. सांगताना ती एक घास हातात तसाच धरून ठेवायची, हे यामिनीला आज आठवलं, या लाल दगडांत, अनवाणी — घास धरलेला हात ताटावर थांबलेला, आणि गोष्ट संपून लोक हसून झाले की मग तो तोंडात जायचा. लहानपणी तिला वाटायचं आपण त्या गोष्टीतल्या टाकून दिलेली मुलगी आहोत. रुही झाल्यापासून ती गोष्ट उलटी फिरली होती. तिला भीती वाटायची ती रुही रडेल याची नव्हती. रुही रडणार नाही याची होती.

बारा वाजून तीन. अहिल्या शेजारी येऊन उकिडवी बसली, हातात मिठाच्या बटाट्यांची वाटी. "तुम्हाला मुलं...?" यामिनीने विचारायला म्हणून विचारलं.

"मला? ताई, माझ्याकडे तीनशे दगड आहेत. ते रडत नाहीत." मग वाटी पुढे करत, "रात्री बारालाही नाही रडत. कधी कधी रडले तर बरं होईल असं वाटतं."

बारा आठला डेलने हात वर केला. ती अनवाणीच गेली, गरम वाळूवरून. त्याने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं आणि तसंच वाचलं, जुन्या तारेसारखं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून:

"घट्ट होईना. काकूने चाखलं. काकूने थुंकलं. बाळाने वरणभात खाल्ला, दोनदा मागितला. झोपलं." त्याने पान उलटलं. "शेवटचं नवऱ्याचं आहे म्हणतात. तू काय खातेयस?"

"पुन्हा वाचा," यामिनी म्हणाली. त्याने पुन्हा वाचलं.

घट्ट होईना. अर्थातच. सत्त्व पाण्यात कालवून गॅसवर ठेवलं की दोन मिनिटांत चमचा जड व्हायला लागतो; ती पावडर दिवसभर ढवळली असती तरी पाण्यासारखीच राहिली असती. काकू ढवळत उभ्या राहिल्या असतील, भुवया वर, सूचनांचं पान एकदा वाचून, मग ते बाजूला सारून चमचा आपल्या तोंडात. चाखल्याशिवाय लेकराला द्यायचं नाही — हे दोन पानांत कुठेच नव्हतं. मला लिहायला सुचलंच नसतं. आणि थुंकलं. काकूंनी, त्या नीटनेटक्या काकूंनी, सिंकमध्ये. यामिनी हसायला लागली, डेलही हसला, आणि मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला तेव्हा त्याने शहाण्यासारखी मान रेडिओत घातली.

वरणभात खाल्ला. दोनदा मागितला.

आता काही कारण उरलं नव्हतं. ती बुटांपाशी परत आली आणि त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. बारा दहा. जायचं असेल तर आता जायला हवं, आणि राहायचं असेल तर ते आपणच राहिलो असं म्हणावं लागेल — रुहीच्या नावावर ते टाकता येणार नाही. पुढे चौदा मैल. वाळू, मग ओढा, मग तो चढ. कुणीही तिला तिकडे बोलावत नव्हतं. कुणीही मागेही बोलावत नव्हतं. असं शेवटचं कधी झालं होतं, की दोन्ही बाजूंना कुणी हाक मारत नाही?

"ताई, पण खाणार काय तुम्ही?" अहिल्या म्हणाली. "नवऱ्याने विचारलंय, उत्तर द्यावं लागेल. आम्ही काय म्हणून सांगायचं, चिप्स?"

"ते सत्त्वच," यामिनी म्हणाली. "शिजवता येईल?"

कांदे परतायच्या तव्याशेजारी गॅसवर छोटं पातेलं चढलं. अहिल्याने पाणी उकळू दिलं आणि वरून पीठ टाकलं, "अगं, आधी गार पाण्यात कालव!" असं यामिनी ओरडेपर्यंत गुठळ्या झाल्या होत्या. "झाल्या, बाप्पा," अहिल्या म्हणाली आणि पळी घेऊन त्या पातेल्याच्या कडेला चिरडत बसली. मीठ, चिमूटभर साखर. कागदी कपात आलेलं ते सत्त्व गरम होतं, गुठळ्यांचं होतं, आणि यामिनीने ते उभ्याउभ्या, फुंकर घालत, बोटाने कप पुसून खाल्लं. रुहीला भरवताना हनुवटीवरून वर ओढायचा तो थेंब तिने आपल्याच हनुवटीवरून ओढला. कधी कुणी आपल्यासाठी असं शिजवलं होतं... बाळंतपणात, आई आली होती तेव्हा. दुसरा कप मागावा की नाही या विचारात असतानाच तिने तो पुढे केला.

बारा बावीसला ती निघाली आणि डेलने वहीतला तिचा नंबर खोडला. "तुझं किलो, अल्फा, किलो, युनिफॉर्म कसं विसरेन मी आता," तो म्हणाला.

मग पुन्हा वाळू. पहिला मैल तिने जपून नेला, पोटात गरम गोळा घेऊन, पाय भरून आलेले, पण पळता येत होतं, आणि नंतर दरी अरुंद होत गेली, कडे इतके जवळ आले की ऊन वरच्या वर अडकलं, खाली निळसर सावली आणि सावलीत ओढा — घोट्याएवढा, थंड, ज्यातून सात-आठदा आरपार जायचं होतं. पहिल्यांदा तिने बूट वाचवायला दगड शोधले. दुसऱ्यांदा शोधले नाहीत. पाणी बुटात शिरलं, बाहेर आलं, पावलं पचपच वाजायला लागली, आणि त्या आवाजाला एक ठेका मिळाला. भिंतीवर उंच, माणसाच्या दोनतीन उंचीवर, पुरात वाहून आलेला ओंडका अडकून बसला होता. पाणी कधीतरी तिथवर चढलं होतं. एरवी हे पाहून तिने आभाळाकडे पाहिलं असतं, ढग मोजले असते. ओंडका छान दिसत होता. चांदीसारखा झाला होता.

चढ आला तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले आणि चालायला लागली. इथे माती नव्हतीच, नुसता उघडा खडक, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखा, आणि फितींच्या जागी छोट्या दगडांच्या उतरंडी रचलेल्या. एक उतरंड, मग पुढची. पार्किंगच्या रॅम्पने पोटऱ्यांना जे शिकवलं होतं ते त्यांना आठवत होतं. ती कुणालातरी ओलांडून गेली — एक उंच बाई गुडघे धरून उभी होती, दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, बोलायला दम कुणाकडेच नव्हता. वर गेल्यावर वारा आला. खाली दरी दुमडून ठेवलेल्या गोधडीसारखी, दूर डोंगरावर अजून बर्फ, आणि मध्ये इतकी जागा, इतकी रिकामी जागा, की नजर कुठे टेकवायची ते कळेना आणि टेकवायची गरजही वाटेना.

घड्याळ. तिने मनगट वर केलं आणि क्षणभर तिला आकडे लागले नाहीत. तीनला दहा कमी. आधी कधी पाहिलं होतं? ओढ्यात? ओढ्याच्या आधी? ती उलट्या क्रमाने शोधत गेली — उंच बाई, पहिली उतरंड, ओंडका, पचपच — आणि त्या सगळ्यात, दीड तासात, दोन तासांत, रुही नव्हती. एकदाही नाही. झोपेतून उठली असेल, हे नाही. दूध कपातून घेतलं का, हे नाही. नावसुद्धा नाही.

यामिनी उभी राहिली. आता ते येईल म्हणून तिने वाट पाहिली, तो ओळखीचा धसका, आणि खांदे आवळून घेतले. वारा आला, गेला. तिने मुद्दाम रुहीचा चेहरा आठवून पाहिला आणि तो लगेच आला, अगदी जवळ, गालावर उशीचा वळ, पण तो चेहरा तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीतल्या कशाकडे तरी बघत होता, आपल्याच नादात, आणि त्याला हाक मारावी असं तिला वाटलं नाही. बघू दे.

मग दुसरं काहीतरी आलं, ज्यासाठी खांदे आवळले नव्हते. हे आपल्याला पुन्हा हवं होणार आहे. आजच्यापुरतं नाही. उद्या रुही मांडीवर असताना, ऑफिसात, डब्यांची झाकणं लावताना, ही रिकामी जागा हवीशी होणार, आणि ते कुणाला काय म्हणून सांगायचं... आईला? आई कोल्हापूरच्या त्या दहा महिन्यांत संध्याकाळी एकटी कुठे जायची? रंकाळ्यावर? तिला तिथे कसं वाटायचं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी फक्त मामीच्या पदराची बाजू ऐकत आले.

खालून त्या उंच बाईच्या काठ्यांची टकटक वर येत होती. शेवटच्या सात मैलांना दोन तास दहा मिनिटं. चाललं तर पुरणार नाही, पळालं तर पुरेल, पाय काय म्हणतात ते पायांना ठाऊक. यामिनीने पाण्याचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. निघायलाच हवं होतं. ती त्या उघड्या खडकावर आणखी थोडी उभी राहिली, कुणाची वाट न बघता, आणि मग उतरणीला लागली, आधी चालत, मग चालण्यापेक्षा किंचित जास्त.